दादाच्या रक्ताचे पर्यवेक्षक

आमच्या घराण्यात शिकलेली माणसं फार झाली, हे माझं जुनं दुखणं आहे. शिकलेली म्हणजे डी.एड. झालेली, नोकरीला लागलेली आणि त्यानंतर एक अक्षरही नवीन न शिकलेली. गावी, साखरशेतच्या घरी, शेती करणारा एकटा दादा उरला. थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, मोखाड्याकडे केंद्रप्रमुख. पाच-पंचवीस मास्तर त्यांना साहेब म्हणतात आणि त्यामुळे ते बिघडले. काका निवृत्त ग्रामसेवक. चुलत भाऊ, त्यांच्या बायका, सगळे कुठल्या ना कुठल्या शाळेत. मी जव्हारला एका आश्रमशाळेच्या ऑफिसात लिपिक आहे. म्हणजे या मंडळींच्या हिशेबात मी शिकलेली, पण बेताची.

दादाचं दुखणं दाढीपासून सुरू झालं. म्हणजे ते आधीपासून आतल्या आत चाललेलंच होतं, पण आम्हाला दिसलं ते दाढी करताना. होळीच्या आधीचे दिवस होते. सकाळी ओट्यावर बसून त्यानं ब्लेड फिरवलं, हनुवटीला जरासं कापलं आणि ते रक्त दुपारची भाकर झाली तरी थांबेना. तुरटी लावली, हळद दाबली, विडीच्या बंडलाचा कागद चिकटवला. कागद भिजून खाली पडायचा. वहिनीनं मला फोन केला तेव्हा तिच्या आवाजात रक्ताची भीती कमी आणि दादाच्या डागाळलेल्या बनियनचा राग जास्त होता. संध्याकाळी रक्त थांबलं, पण दादाचा चेहरा मात्र पुढं कितीतरी दिवस पांढराच राहिला. विळ्यानं अंगठा फाटला तरी चुन्याचं बोट लावून पुन्हा कामाला लागणारा माणूस, आरशात बघायला घाबरू लागला.

मी त्याला नाशिकला नेलं. दाजी बरोबर आले, कारण दाजी बरोबर आल्याशिवाय आमच्याकडं कुणी आजारी पडत नाही. तपासण्या झाल्या. डॉक्टरीण बाई तरुण होत्या, बोलायला शांत. त्यांनी सांगितलं की यकृत आतून कडक झालंय, बी नावाच्या काविळीचा विषाणू बरीच वर्षं अंगात असावा. आमच्या भावकीनं तोपर्यंत मोहाच्या दारूवर सगळा ठपका ठेवून दिला होता. दादा सणासुदीला घ्यायचा तेवढीच. काका रोज घेतात आणि त्यांचं यकृत ठणठणीत आहे, हा काही न्याय नव्हे.

मग बाई रक्ताबद्दल बोलल्या. तो भाग मी जन्मात विसरणार नाही, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरच झालं. त्या म्हणाल्या, "रक्त गोठवणारे पदार्थ यकृत बनवतं. आणि रक्त नको तिथं गोठू नये म्हणून लागणारे पदार्थही बरेचसे यकृतच बनवतं. यांचे दोन्ही कमी झालेत. प्लीहा सुजलीय, ती प्लेटलेट अडकवून ठेवते. रिपोर्टमधला हा वाढलेला आकडा फक्त एक बाजू दाखवतो. तेव्हा यांचं रक्त पातळ झालंय असं समजून बसू नका. ते कधी थांबायचं तिथं थांबणार नाही, आणि कधी वाहायचं तिथं गुठळी धरेल. दोन्हीकडं लक्ष हवं." मग त्यांनी दोन गोष्टी बजावल्या. मीठ अगदी कमी आणि रोज चालणं. घरातल्या रक्ताच्या माणसांनी बी काविळीची तपासणी करून घ्यावी, हेही सांगितलं.

हे सगळं त्या सांगत होत्या तेव्हा दाजी कुठं होते? दाराबाहेर. "रक्त पातळ झालंय" एवढे शब्द कानावर पडले आणि त्यांच्या खिशातला मोबाइल वाजला. वरच्या साहेबांचा फोन. दाजी वरच्या साहेबांशी उभं राहूनच बोलतात, आणि बोलताना किंचित वाकतात, पलीकडच्याला दिसत नसलं तरी. "हो साहेब, हो साहेब" करत ते व्हरांड्यात गेले ते बाईंचं सगळं बोलून झाल्यावर आत आले. आल्या आल्या म्हणाले, "समजलं मॅडम. रक्त पातळ आहे. आम्ही काळजी घेऊ." बाईंनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "मी सांगते त्यांना." परतीच्या जीपमध्ये त्र्यंबकपासून खोडाळ्यापर्यंत मी सांगत होते आणि दाजी खिडकीबाहेर बघत मान डोलावत होते. बाईमाणसाचं बोलणं ऐकून घेतल्यासारखं करायची ही त्यांची पद्धत आहे. खोडाळ्याला चहा घेतला आणि तिथंच त्यांनी भावकीतल्या सगळ्यांना फोन लावले. प्रत्येकाला एकच वाक्य: "रक्त पार पाण्यासारखं झालंय. जरा धक्का लागला तरी संपलं."

साखरशेतला पोचलो तेव्हा ओट्यावर माणसं जमलेली होती. दाजींनी खुर्ची मागून घेतली आणि बैठक सुरू केली. आता दुसऱ्या कुठल्या घरात काय केलं असतं कोण जाणे. शेतकऱ्याच्या घरात माणसाला काम बेतानं सांगितलं असतं, मजुराच्या घरात त्याला चार दिवसांनी कामाला पाठवलंच असतं. आमच्याकडं सगळे मास्तर. त्यांना आयुष्यात एकच गोष्ट नीट येते, ती म्हणजे परीक्षेला पर्यवेक्षण. त्यांनी दादावर पर्यवेक्षक नेमले. सुट्टीत कुणी, रविवारी कुणी, शाळा सुटल्यावर कुणी, अशा पाळ्या लावल्या. पाळीवर असलेल्यानं पडवीच्या दारात प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसायचं आणि दादा बाजेवरून उठला की विचारायचं, "कुठं चाललास?" लघवीला म्हटलं तर बरोबर जायचं. दहावीच्या पोरांना पेपरात लघवीला सोडतात तसंच.

नियम दाजींनी तोंडी सांगितले आणि ते सगळ्यांना पाठ झाले. विळा धरायचा नाही, कोयत्याला हात लावायचा नाही. कडुलिंबाची काडी दाताला लावायची नाही, बोटानं राखुंडी फिरवायची. नखं कापायची नाहीत. दाढी बंद. बांधावर जायचं नाही, ठेच लागेल. लसूण बंद, कारण दाजींच्या मोबाइलवर आलं होतं की लसणीनं रक्त पातळ होतं. काकांनी त्यात आपली अक्कल ओतली. रक्त घट्ट व्हायला चिकट खायला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. म्हणून भेंडी, डिंकाचे लाडू आणि शिजून गोळा झालेला भात. भेंडीनं रक्त घट्ट होत असतं तर भेंडी विकणाऱ्या बायकांच्या अंगात आतापर्यंत डांबर झालं असतं.

आणि मीठ? मीठ कमी करायचं कुणाच्या ध्यानातही आलं नाही, कारण ते बाईंनी सांगितलं होतं, दाजींनी नव्हे. बघायला येणारा प्रत्येक जण सुकट, जवळा, बोंबील घेऊन यायचा. लसणीची चटणी गेली म्हणून नागलीच्या भाकरीबरोबर तोंडी लावायला रोज खारवलेलं. वहिनीला मी किती वेळा सांगितलं. ती म्हणायची, "लसूण नाय, मीठ नाय, मंग त्याहीं खावं काय?" आणि मुठीनं मीठ टाकायची. दादाचं पोट हळूहळू फुगायला लागलं तेव्हा काका म्हणाले, "अंग धरलं बघा." काविळीच्या तपासणीला तर यातला एकही माणूस गेला नाही. मी जाऊन आले, माझ्यात काही निघालं नाही, लस घेतली. काकांना विचारलं तर म्हणाले, रक्त काढून दिलं की अशक्तपणा येतो. दुसऱ्याच्या रक्ताची पहारेदारी करणाऱ्याला स्वतःचं बोटभर रक्त जड झालं होतं.

दादाबद्दलही खरं सांगायला हवं. पहिल्या महिन्यात त्याला ही सगळी नाटकं आवडली. आयुष्यभर चिखलात राबलेला माणूस, त्याला शिकलेली भावकी खुर्ची टाकून जपतेय म्हटल्यावर तो बाजेवर असा पसरला की पाण्याचा तांब्याही हातात द्यावा लागे. दाढी छातीपर्यंत आली, नखं वाढली. दाभोशाकडून आलेल्या एका पाहुण्यानं तर वाकून पायच धरले, त्याला वाटलं घरात कुणी बुवा येऊन उतरलेत. दादानं आशीर्वाद दिला. मी चिडून म्हटलं, "अरे, बाईंनी चालायला सांगितलंय." तो म्हणाला, "तू गं काय, कारकून. दाजी केंद्रप्रमुख हायेत." मी त्या दिवशी जेवले नाही आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही.

उन्हाळा संपेपर्यंत त्याची हौस फिटली. राब, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन, भाजायचे दिवस त्यानं बाजेवरून नुसता धूर बघत काढले. आता तो उठू म्हणायचा आणि पर्यवेक्षक त्याला बसवायचे. एकदा तो चोरून गोठ्यापर्यंत गेला तर चुलतभावानं दाजींना फोन करून कळवलं, कॉपी पकडल्याच्या आनंदात. त्यानंतर दादाची चप्पल माळ्यावर टाकण्यात आली. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाची चप्पल! आणि वहिनीनं ती काढून दिली नाही, कारण तिनंही ते हनुवटीचं रक्त पाहिलं होतं.

मग पाय सुजला. काकांनी निदान केलं की लिव्हरचं पाणी पायात उतरतंच, आणि तेल गरम करून पोटरी चोळायला सांगितली. वहिनी चोळत होती आणि दादा ओरडत होता. मी रविवारी गेले तेव्हा त्याची पोटरी बघून मला बरं वाटलं नाही. तुकतुकीत, लालसर, हात लावला तर चटका बसावा इतकी गरम. आमच्या घरात रेंज नाही, म्हणून मी पाण्याच्या टाकीपाशी चढावर जाऊन बाईंना फोन लावला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "एक पाय की दोन्ही?"

मी म्हटलं, "एकच. डावा."

"चोळू नका. आजच घेऊन या."

जीपमध्ये दाजी होतेच. नाशिकला पायाची सोनोग्राफी झाली. मांडीपर्यंत शिरेत रक्ताची गुठळी धरली होती. बाईंनी दादाला विचारलं, "रोज किती चालता?" दादानं दाजींकडं बघितलं. दाजी घसा साफ करून म्हणाले, "मॅडम, रिपोर्टमध्ये काहीतरी चूक असणार. यांचं रक्त पातळ आहे. पातळ रक्ताची गुठळी कशी होईल?"

बाई म्हणाल्या, "मागच्या वेळी हेच सांगितलं होतं."

"मी होतो ना मागच्या वेळी," दाजी म्हणाले. आणि मला वाटलं, एवढा निर्लज्ज आत्मविश्वास देवानं एखाद्या कामाच्या माणसाला दिला असता तर काय बहार झाली असती.

बाईंनी घाई केली नाही. आधी तोंडातून दुर्बीण घालून अन्ननलिका पाहिली. यकृताच्या आजारात तिथल्या शिरा फुगतात आणि फुटल्या तर माणूस रक्त ओकतो. दादाच्या फुगलेल्या होत्या. त्या शिरा रबराची कडी घालून आवळल्या. मग सांगितलं की आता गुठळी वाढू नये म्हणून पोटाच्या कातडीत इंजेक्शन द्यायचं, रोज, कित्येक महिने. गुठळीचा तुकडा सुटून फुप्फुसात गेला तर माणूस बसल्या जागी जातो. हे वाक्य त्यांनी दादाला नव्हे, मला आणि वहिनीला बाजूला घेऊन सांगितलं. "रक्तस्राव होण्याचा धोका आहेच, मी नाही म्हणत नाही. पण आज मोठा धोका गुठळीचा आहे." वहिनीला त्यांनी सुई धरायला शिकवलं. पहिल्यांदा सुई गादीत गेली. दुसऱ्यांदा दादाच्या पोटात गेली. दादानं डोळे घट्ट मिटले होते आणि सुई निघाल्यावरही तो बराच वेळ तसाच पडून राहिला.

घरी परतल्यावर वहिनीनं इंजेक्शनांचा डबा पाण्याच्या मडक्यांजवळ थंडाव्याला ठेवला आणि मी जव्हारला माझ्या कामावर आले. पर्यवेक्षकांची खुर्ची मी जाताना उचलून आत टाकली होती. मला वाटलं, झालं, आता तरी अक्कल आली असेल. मी मूर्ख.

शाळा सुरू व्हायचे दिवस होते. सकाळी सकाळी वहिनीचा फोन आला, टाकीपाशी जाऊन केलेला, धाप लागलेली. "दाजी आलते रातच्याला. डबा घेऊन गेले मोखाड्याला. म्हंत, पातळ रगत आजून पातळ करतात व्हय, मारायचा हाय काय त्याला. सकाळची सुई चुकली, काय करू?"

मी तिला काय सांगितलं ते आठवत नाही. ऑफिसात रजेचा अर्ज कुणाच्या तरी टेबलावर टाकला आणि मिळाली ती जीप पकडली. रस्ताभर माझ्या डोळ्यासमोर दादाची पोटरी आणि तो सुटणारा तुकडा होता. दाजी घरी नव्हते. बहीण म्हणाली, मोखाड्याच्या पुढं एका पाड्यावरच्या शाळेत पालक मेळाव्याला गेलेत, आज त्यांचं भाषण आहे. मी तिथं गेले.

शाळेच्या पडवीत पालक उकिडवे बसले होते. भातलावणीच्या, आवणीच्या तोंडावर काम टाकून आलेली माणसं, बायकांच्या कडेवर पोरं. समोर टेबल, टेबलावर हार, हाराच्या मागं दाजी. माइक लागला होता आणि विषय चालला होता अंधश्रद्धेचा. मी मागं खांबाला टेकून उभी राहिले. दाजी सांगत होते की आपला समाज अजून मागे का, तर भगताच्या नादी लागतो म्हणून. पोर आजारी पडलं की अंगारा लावता, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या मध्येच बंद करता. असं करू नका. जो शिकला आहे त्याचं ऐका. डॉक्टरांनी सुरू केलेलं औषध कुणाच्याही सांगण्यावरून थांबवू नका. टाळ्या वाजवायला त्यांनी थोडी जागा सोडली आणि बरोबरच्या मास्तरांनी ती भरून काढली. टेबलाच्या पायाशी त्यांची काळी बॅग होती.

मी पुढं गेले. रागानं माझे कान तापले होते, पण आवाज मी चढवला नाही. "दाजी, दादाची इंजेक्शनं द्या."

त्यांनी माइकवर हात ठेवला. "अगं, घरगुती विषय आहे. कार्यक्रम होऊ दे."

"डॉक्टरांनी सुरू केलेलं औषध थांबवू नका, असं आत्ता तुम्हीच म्हणालात. मी मागं उभी राहून ऐकलं."

हात माइकवर नीट बसला नव्हता. सगळ्यांना ऐकू गेलं. पहिल्या ओळीतली एक बाई हसली, मग तिच्या शेजारची, मग पोरं. दाजींचा चेहरा बघण्यासारखा झाला होता आणि मी तो डोळे भरून बघितला, खोटं कशाला बोलू. त्यांनी खाली वाकून बॅगेतून डबा काढला. देताना दबक्या आवाजात म्हणाले, "मी काही चोरून आणलं नाही. त्यानंच दिलं मला."

मी मनात म्हटलं, आता वर खोटंही बोलतोय.

साखरशेतला पोचले तेव्हा दादा बाजेवर भिंतीला टेकून बसला होता. वहिनी दारात. मी डबा तिच्या हातात दिला आणि दादाला म्हटलं, "दाजी म्हणतात तू दिलास. असं बोलायला जीभ कशी धजते माणसाची?"

दादा म्हणाला, "मीच दिला."

मी बाजेच्या कडेला बसले.

"मना भ्या वाटतं," तो म्हणाला. "ती दाढी केली त्या दिशीपासून. सुई टोचली का रातभर वाटं, आता आतल्या आत वाहात आसंल. बाहेर निघालं तं दिसंल तरी. आत कोन बघंल? दाजी म्हनले, बंद कर. मना बरं वाटलं."

दाजींचा तिरस्कार करणं सोपं होतं, मी तो वर्षानुवर्षं करत आले आहे आणि मला त्याची सवय आहे. पण या माणसाला मी जीपमध्ये मांडीवर डोकं घेऊन नेलं होतं, बाईंचा शब्द न् शब्द ऐकून त्याला समजावून सांगितला होता, आणि जिवाच्या गोष्टीला त्यानं विश्वास ठेवला तो व्हरांड्यात "हो साहेब" करणाऱ्यावर. मला तेव्हा त्याचाही तिरस्कार वाटला. आणि त्याच्या भीतीची कीवही आली. दोन्ही एकाच वेळी, आणि दोन्हीचं काय करावं ते कळेना. मी म्हटलं, "मर मग."

वहिनी माझ्यासारखी बोलत बसली नाही. तिनं कापूस घेतला, सुईचं टोपण काढलं आणि बैलाला पाय उचलायला सांगावं तशा आवाजात म्हणाली, "सदरा वर करा." दादा नको म्हणाला. ती परत म्हणाली, तेवढ्याच आवाजात. दादानं माझ्याकडं बघितलं, मी तोंड फिरवलं. मग त्यानं सदरा वर केला.

त्यानंतर ती रोज टोचत राहिली. आवणीत चिखलातून यायची, हात धुवायची, टोचायची, परत जायची. पोटावर निळे डाग पडले की दादा बोंब मारायचा आणि ती म्हणायची, "पडू द्या डाग." सुकट तिनं स्वतःहून बंद केली, ते तिला कसं काय पटलं हे मला तिनं कधी सांगितलं नाही. चप्पल माळ्यावरून खाली आली. दादा आधी ओट्यावर, मग गोठ्यापर्यंत, मग बांधावर जाऊ लागला. बरा झाला असं मी म्हणणार नाही. यकृत कडक आहे ते कडकच आहे, गोळ्या जन्मभराच्या आहेत आणि दुर्बीण पुन्हा घालायची आहे. पण पाय उतरला, पोट उतरलं, आणि नागली कापायच्या दिवसांत तो वरकसावर, डोंगरउताराच्या शेतात, उभा राहून मजुरांवर खेकसत होता. ते खेकसणं ऐकून मला जे बरं वाटलं, ते मी कुणाला सांगितलं नाही.

नागली घरात आली त्या रविवारी भावकी जेवायला जमली. मीही होते. दाजी मधोमध बसले होते. मेळाव्याची गोष्ट त्यांनी मला कधीच माफ केली नाही, पण ती घडलीच नाही अशी व्यवस्था मात्र केली. पाहुण्यांना ते सांगत होते, कसं त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं, कसं दोनदा नाशिकला धावपळ केली, कसं वेळेवर निर्णय घेतला. "आजार कसलाही असो, घरात एक तरी जाणता माणूस लागतो," ते म्हणाले. काका हो म्हणाले. चुलतभाऊ हो म्हणाला. मी दादाकडं बघितलं. तो भात कालवत होता. म्हटलं, निदान आता तरी हा तोंड उघडेल.

दादानं तोंड उघडलं. "दाजी नसते तं मी नव्हतो आज," तो म्हणाला.

माझ्या हातातली भाकर हातातच राहिली. इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं.

वहिनी वाढत होती. तिनं दाजींच्या पानात आमटी वाढली, दादाच्या पानात भात वाढला आणि सरळ उभी राहून म्हणाली, "मंग उद्यापून सुई दाजीच टोचतील. मी सुटले."

सगळे हसले. दाजीही हसले, जरा जास्तच मोठ्यानं. सुईचं नाव निघालं तसा त्यांचा हात पानावरून मागं गेला होता.

दादा हसला नाही. त्याचा घास तोंडापाशी थांबला. त्यानं दाजींच्या हातांकडं पाहिलं, मग वहिनीकडं. दाढीच्या त्या दिवसानंतर आरशात बघताना त्याच्या चेहऱ्यावर असायची तीच भीती मला पुन्हा दिसली. सगळे ऐकत असताना, लहान पोरासारख्या आवाजात तो तिला म्हणाला, "नको गं. तूच टोच."